आकडा वाढला म्हणजे धोका वाढला का?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध झाला की वृत्तपत्रांत मथळे झळकतात. अमुक शहर सर्वांत सुरक्षित, तमुक शहरात गुन्ह्यांत एवढे टक्के वाढ. आपल्या व्यापारी कुटुंबांत या मथळ्यांवरून मोठे निर्णय होतात. मुलीला शिक्षणासाठी पुण्यास ठेवावे की नाही, सदनिका कोणत्या भागात घ्यावी, दुसरे दुकान कोठे उघडावे, याचा विचार करताना तो आकडा मनात ठाण मांडून बसलेला असतो. येरमाळ्यासारख्या गावात राहणाऱ्यांना तर शहराची ओळख बातमीतूनच अधिक होते. म्हणून हा आकडा कसा तयार होतो, हे एकदा शांतपणे पाहणे अगत्याचे आहे.

देशातील गुन्ह्यांची ही वार्षिक आकडेवारी १९५३ पासून संकलित होत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची स्थापना १९८६ मध्ये झाली. या अहवालात मोजला जातो तो पोलिस ठाण्यात नोंदला गेलेला गुन्हा. जो घडला पण नोंदला गेला नाही, तो या हिशेबात येत नाही. शिवाय एकाच प्रथम माहिती अहवालात अनेक कलमे असतील, तर मोजणीसाठी त्यांतील सर्वांत गंभीर गुन्हाच धरला जातो. घरात शिरून चोरी केली आणि त्यात खून झाला, तर मोजणी खुनाची होते. म्हणजे हा आकडा समाजाचा आरसा नसून पोलिस ठाण्याच्या दप्तराचा गोषवारा आहे. गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे हा विभाग स्वतःच आपल्या अहवालातून सांगत आला आहे.

बँकेच्या व्यवहारातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये बँकांच्या कर्जखात्यांची कसून तपासणी सुरू केली. मार्च २०१५ मध्ये सुमारे साडेचार टक्के दिसणारी अनुत्पादक कर्जे मार्च २०१८ मध्ये अकरा टक्क्यांच्या पुढे गेली. वाचणाऱ्यास वाटले, की तीन वर्षांत बँका बुडाल्या. प्रत्यक्षात त्यातील बराच भाग आधीपासूनच आजारी असलेल्या खात्यांचा होता. पुनर्रचनेच्या पडद्याआड ती खाती निरोगी दाखवली जात होती, तो पडदा दूर झाला. आकडा वाईट झाला, पण हिशेब खरा झाला.

गुन्ह्यांच्या बाबतीतही असेच घडते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यास प्रथम माहिती अहवाल नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात दिला. अशा निर्णयाचे प्रामाणिक पालन करणाऱ्या ठाण्याचा आकडा वाढणारच. तक्रारदाराला समजावून परत पाठवणाऱ्या ठाण्याचा आकडा मात्र नीटनेटका राहील. मथळा वाचणारा दुसऱ्याला सुरक्षित म्हणेल आणि पहिल्याला धोक्याचे. अशा कौतुकामुळे नोंद टाळण्याचीच सवय बळावते.

आता शहरांच्या क्रमवारीकडे वळू. २०२२ च्या अहवालानुसार, वीस लाखांहून अधिक वस्तीच्या महानगरांत दर लाख लोकसंख्येमागे सर्वांत कमी दखलपात्र गुन्हे कोलकात्यात होते, ८६.५. त्यानंतर पुण्याचा क्रम, २८०.७. पुणे देशात दुसरे, ही आपल्याकडे आनंदाची वार्ता ठरली. परंतु कोणताही दर हा भागाकार असतो, आणि जाणता व्यापारी छेद तपासल्याशिवाय भागाकार स्वीकारत नाही. येथे छेदात आहे २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या. त्यानंतर पुण्याच्या हिंजवडी, वाघोली, वाकड या भागांचा कायापालट झाला, तो या छेदात नाही. शिवाय ही लोकसंख्या संपूर्ण नागरी समूहाची आहे. कोलकाता महानगरपालिकेच्या हद्दीत २०११ मध्ये सुमारे ४५ लाख लोक होते, तर नागरी समूहात १४१ लाख. त्या समूहात हावडा, बिधाननगर यांची पोलिस आयुक्तालये स्वतंत्र आहेत. पुण्याच्या समूहात पिंपरी-चिंचवड येते, त्याचेही आयुक्तालय ऑगस्ट २०१८ पासून वेगळे आहे. तेव्हा अंशात कोणती ठाणी मोजली आणि छेदात कोणती वस्ती धरली, हे जुळल्याशिवाय दोन शहरांची तुलना म्हणजे मणाचा भाव क्विंटलच्या भावाशी ताडून पाहणे होय.

हाच प्रश्न आपल्या गावालाही लागू आहे. चैत्र पौर्णिमेला येडेश्वरी देवीची यात्रा भरते, चुनखडी वेचण्याच्या सोहळ्यास लाखोंच्या संख्येने भाविक येतात. त्या गर्दीत कोणाचे मंगळसूत्र तुटले, कोणाचे पाकीट गेले, तर नोंद येरमाळा पोलिस ठाण्यात होणार. सोलापूर–धुळे महामार्गावरून जाणाऱ्या परगावच्या वाहनाबाबत काही घडले, तरी नोंद येथेच. पण दर काढायचा झाला, तर त्या गर्दीला आणि त्या वाहनांना छेदात जागा नाही. बाहेरचा माणूस तो दर पाहून म्हणेल, की गाव वाईट आहे. गावातील माणूस मात्र दुपारी दुकान शेजाऱ्याच्या भरवशावर सोडून जेवायला घरी जातो.

लहान आकड्यांची टक्केवारीही अशीच चकवते. गेल्या वर्षी एक घरफोडी झाली आणि यंदा दोन झाल्या, तर वाढ शंभर टक्के. हे गणित बरोबर आहे, पण त्यातून निघणारी भीती बरोबर असेलच असे नाही.

शंभर टक्क्यांच्या अशा भीतीची किंमत कधी कधी फार मोठी असते. अल्पवयीन मूल बेपत्ता झाल्यास अपहरण वा मानवी तस्करीचा संशय गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये सांगितले. हा आदेश मुलांच्या हिताचाच आहे, कारण त्यामुळे तपास तत्काळ सुरू होतो. पण त्यानंतर रागावून घर सोडलेला मुलगा आणि प्रेमप्रकरणातून निघून गेलेली मुलगीही अपहरणाच्या आकड्यात मोजली जाऊ लागली. केवळ आकडा पाहणाऱ्यास वाटते, की मुले पळवणाऱ्या टोळ्या गावोगाव फिरत आहेत. मग मोबाईलवरील अफवेला टेकू मिळतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेपायी जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते, आणि त्यांतील बहुतेक आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे. त्यांनी एकही मूल पळवले नव्हते.

भीती अशा वेळी ज्यांच्यावर आधीच शिक्का आहे त्यांनाच शोधते. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा करून जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात अशा लोकांना तारेच्या कुंपणाआड ठेवले जाई, तो भाग आजही सेटलमेंट म्हणून ओळखला जातो. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण शिक्का पुसला गेला नाही. परिसरात चोरी झाली की चौकशीसाठी पहिली धाव पारध्यांच्या पालाकडे. जिथे अधिक शोधले जाते तिथे अधिक सापडते, त्यातून त्या वस्तीचा आकडा फुगतो, आणि फुगलेला आकडा पुढच्या संशयाचा पुरावा बनतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त जमातींना मनमानी पद्धतीने अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले आहे. दुकानात नोकर ठेवताना त्याची वस्ती ऐकून ज्याच्या कपाळाला आठी पडते, त्याने हा इतिहास ध्यानात घ्यावा.

धोक्याच्या प्रमाणाचाही विचार व्हावा. २०२२ मध्ये महाराष्ट्रात खुनाचे २,२९५ गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी राज्यात रस्ते अपघातांत १५,२२४ माणसे दगावली. रात्री महामार्गाने निघताना आपण लुटारूंच्या भीतीने दागिने घरी ठेवतो, ते योग्यच आहे. पण झोप अनावर झालेल्या चालकाला थांबवत नाही, आणि मागच्या आसनावर पट्टा लावत नाही. दुकानाला दोन कुलपे लावणारा गृहस्थ अनोळखी आवाजाला फोनवर सांकेतिक अंक सांगून टाकतो. आकडे नीट वाचले तर ते आपली काळजी योग्य ठिकाणी वळवतात.

या सर्वांत आपल्या व्यापारी वर्गाचा स्वतःचा वाटा आहे. दुकानात चोरी झाली तरी पुष्कळ जण तक्रार करत नाहीत. पेढीचे नाव चर्चेत नको, मालाच्या हिशेबाची विचारपूस नको, खेटे नकोत. ही अडचण खरी आहे. तथापि, न नोंदलेली चोरी म्हणजे रोजमेळात न घेतलेला खर्च. शिल्लक चांगली दिसते आणि गल्ला मात्र रिकामा होतो. गस्त, मनुष्यबळ, चौकी यांची मागणी नोंदीच्या आधारेच करता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत स्वाक्षरी करावी लागते. ठाण्याने नकार दिल्यास पोलिस अधीक्षकांकडे आणि पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याची वाट आहे. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता अधिक.

आणि मुलांसाठी शहरात घर शोधताना महानगराची क्रमवारी बाजूला ठेवावी. संबंधित पोलिस ठाण्याचे प्रथम माहिती अहवाल राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर पाहता येतात, संवेदनशील प्रकरणे तेवढी वगळलेली असतात. तेथे कोणत्या प्रकारचे गुन्हे नोंदले जातात, ते पाहावे. संध्याकाळी सातनंतर त्या रस्त्यावरून स्वतः चालत जावे. दिवे लागतात का, दुकाने उघडी असतात का, बायका-मुली निर्धास्त ये-जा करतात का, कोपऱ्यावरचा दुकानदार काय सांगतो, हे विचारावे. कर्ज मंजूर करण्यापूर्वी ताळेबंद वाचूनही आम्ही कारखाना पाहायला जात असू. ताळेबंद खोटा असतो असे नव्हे, पण यंत्र चालते की नाही, हे तो सांगत नाही.