चालायला सांगता, पण चालायचे कुठे?

शहापूर किंवा मुरबाडच्या दवाखान्यातून साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन निघालेल्या पन्नाशीच्या माणसाला डॉक्टर एक वाक्य हमखास ऐकवतात : रोज अर्धा तास चालत जा. माणूस मान डोलावतो. बाहेर येतो तर शहापूरकडे कंटेनरची रांग लागलेला मुंबई-नाशिक महामार्ग, मुरबाडकडे माळशेजला जाणारा रस्ता, आणि दोन्हींच्या कडेला बऱ्याच ठिकाणी धड पाऊल टाकायला जागा नाही. गावातल्या रस्त्यावर भल्या पहाटे कुत्री, उजाडल्यावर डंपर. चार दिवस चालून पाचव्या दिवशी तो थांबतो. पुढच्या खेपेला त्याची साखर वाढलेली दिसते आणि आळशीपणाचा शिक्का बसतो.

खरे तर चालायला योग्य वाट याच तालुक्यांत पडून आहे. भातसा धरणाचा उजवा कालवा शहापूरच्या शिवारातून भिवंडीच्या दिशेने जातो. कालव्याची देखभाल करायची म्हणून त्याच्या भरावावर जीप जाईल एवढी वाट ठेवलेली असते. कालव्यातले पाणी कुठल्याही पंपाशिवाय, केवळ उताराने वाहते. पण तो उतार हजार मीटरमागे एक मीटरहूनही बहुधा कमी असतो. म्हणजे डोंगरांच्या या तालुक्यात, जिथे घराबाहेर पडले की चढ नाहीतर उतार, तिथे अभियंत्यांनी मैलोन् मैल जवळजवळ सपाट वाट बांधून ठेवली आहे. दुखऱ्या गुडघ्यांना याहून काय हवे? भातसा नदीचीही एक गंमत आहे. मुंबईसाठी धरणातून सोडलेले पाणी नळातून नव्हे तर नदीच्या पात्रातूनच पिसे बंधाऱ्यापर्यंत जाते, तिथून ते उचलून पांजरापूरला शुद्ध केले जाते. त्यामुळे वासिंद, खडवलीच्या बाजूला ही नदी ऐन मे महिन्यातही वाहती असते. धरणाचा आधार नसलेली मुरबाडची काळू उन्हाळ्यात आटत जाते, पण दिवाळीपासून होळीपर्यंत तिचा काठही चालायला उत्तम.

‘गावच्या माणसाला कसला आलाय व्यायाम, तो दिवसभर राबतोच की,’ असे यावर कोणी म्हणेल. हा समज जुना आहे आणि आता चुकीचा ठरला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेह पाहणीत महाराष्ट्रासह चार प्रदेशांतल्या लोकांच्या हालचालीची नोंद घेतली गेली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार शहरांत ६५ टक्के लोक पुरेशी हालचाल न करणारे निघाले. गावांत हे प्रमाण ५० टक्के होते. निम्मे गाव बसून! फिरायला, खेळायला किंवा व्यायाम म्हणून काही करणारे तर एकूण दहा टक्केही नव्हते. त्याच पाहणीचे २०२३ मध्ये आलेले देशव्यापी आकडे सांगतात की मधुमेह अजून शहरांत जास्त आहे, पण मधुमेहाच्या उंबरठ्यावरची माणसे गावात आणि शहरात जवळपास सारख्याच प्रमाणात आहेत. भाताची लावणी-कापणी सोडली तर वर्षातले कितीतरी महिने शेतावर फारसे काम नसते. बैलांची जागा पॉवर टिलरने घेतली. आसनगावहून लोकलने कामाला जाणारा तरुण दिवसाचे तीन-चार तास प्रवासात बसून काढतो. शरीर शेतकऱ्याचे, ताटात भात पूर्वीइतकाच, आणि दिवस मात्र कारकुनाचा.

राबणाऱ्यांची गोष्टही सरळ नाही. शहापूरच्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत डोक्यावर हंडे घेऊन बाया कोस कोस जातात, आणि तेही मुंबईला पाणी पुरवणाऱ्या धरणांच्या परिसरात. पावलेच मोजायची तर त्या कोणाही शहरी फिरस्त्याच्या पुढे असतील. पण मानेवर वीस किलोचा भार घेऊन, उन्हात, अर्धपोटी, नाइलाजाने चालणे हा व्यायाम नव्हे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी गेल्या काही वर्षांत हा फरक वारंवार मांडला आहे : फुरसतीच्या वेळी केलेल्या हालचालीने हृदयाला जो फायदा होतो, तो जड अंगमेहनतीच्या कामाने होताना दिसत नाही, काही अभ्यासांत उलट धोका वाढलेला दिसतो. कामात वेग आपल्या हाती नसतो, थांबणे आपल्या हाती नसते, विश्रांती पुरेशी मिळत नाही. त्या बाईला आधी नळ हवा आहे. नळ आल्यावर मात्र तिलाही संध्याकाळी मोकळ्या हातांनी चालायला वाट लागेल, आणि याचा विचार तर कोणी करतच नाही.

किती चालायचे, याविषयी उगाच धास्ती घातली गेली आहे. दहा हजार पावलांचा मंत्र हा वैद्यकशास्त्राचा नव्हे. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पावलेमोजणी यंत्राच्या नावातून तो आला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात रोज साधारण ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण २,७०० पावलांच्या आसपास असणाऱ्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी आढळले, आणि साडेसात हजारांनंतर फायदा फारसा वाढला नाही. एकूण पावले तेवढीच असतील तर ती किती वेगाने टाकली याने विशेष फरक पडला नाही. मधुमेहाच्या काठावरच्या ज्येष्ठांवर २०१३ मध्ये झालेल्या एका छोट्या प्रयोगात तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालण्याने दिवसभराची साखर सकाळच्या सलग पाऊण तासाइतकीच आटोक्यात राहिली. रात्रीच्या जेवणानंतरच्या साखरेवर तर त्याचा परिणाम अधिक चांगला होता. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात, म्हणून हे घडते. वेगाचे माप सोपे आहे : बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. (वारकरी अभंग म्हणत म्हणत पंढरी गाठतात, त्यांची गोष्ट निराळी.)

आपल्याकडे मात्र ‘ट्रेक’ म्हटले की माहुली, गोरखगड, सिद्धगड, नाणेघाट. रविवारी पहाटेच्या कसारा लोकलमधून उतरणाऱ्या तरुणांचे कौतुकच आहे. पण गड उतरताना गुडघ्यावर येणारा भार सपाटीवरच्या चालण्याहून बराच जास्त असतो, आणि महिन्यातून एकदा दमछाक करून घेण्यापेक्षा आठवड्याला दीडशे मिनिटे मध्यम चालणे हृदयाला अधिक मानवते. ज्याला ‘आता माझ्याने गड होत नाही’ असे वाटून घरी बसावे लागते, त्याच्यासाठी आपल्या भटकंतीच्या संस्कृतीत जागाच नाही.

फ्रान्समध्ये ती आहे. तिथला तुलूजपासून भूमध्य समुद्राकडे जाणारा कनाल द्यु मिदी १६८१ मध्ये पुरा झाला, सुमारे २४० किलोमीटर लांबीचा. काठाने घोडे चालत आणि नावा ओढत; त्यांची वाट राखलेली होती. घोडे गेले, वाट राहिली. आज तिच्यावरून निवृत्त माणसे गावापासून गावापर्यंत रमतगमत जातात. त्याहून महत्त्वाचा आहे तिथला कायदा. सरकारी मालकीच्या नद्या-कालव्यांच्या काठी ज्यांची जमीन आहे, त्यांनी पायी चालणाऱ्यांसाठी ३.२५ मीटरची पट्टी मोकळी सोडलीच पाहिजे. मालकी तुमची, वाट सगळ्यांची. शहापूर-मुरबाडमध्ये नेमके उलटे चालले आहे. फार्महाऊसचे प्लॉट पाडले जातात, जाहिरातीत ‘रिव्हर टच’ असे लिहिले जाते, आणि तारेचे कुंपण पार पाण्यापर्यंत जाते. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा २०२५ मध्ये सुरू झाल्यावर हा वेग कमी होणार नाही. जिथून गुरे पाण्यावर जात होती ती वाट एकदा बंद झाली की परत मिळवणे महाकठीण.

मुंबई महापालिकेने तानसाच्या जलवाहिन्यांलगत आपल्या हद्दीत ‘हरित वारी जलतीरी’ नावाने सायकल आणि पदपथाचा प्रकल्प हाती घेतला. चांगले केले. ती जलवाहिनी जिथून निघते, त्या शहापूरकरांसाठी असे काही कोणाला सुचले नाही.

पाटबंधारे खात्याचे आक्षेप मात्र खोटे नाहीत. कालव्याचा भराव हा सार्वजनिक रस्ता नव्हे; गाड्यांची वर्दळ वाढली तर तो खचेल, फुटेल. अस्तर केलेल्या कालव्याच्या तिरप्या, शेवाळलेल्या भिंतीवरून घसरलेल्याला पोहता येत असूनही वर येणे अवघड जाते. धरणातून विसर्ग वाढला की नदीची पातळी बघता बघता चढते, आणि खडवलीला बुडालेल्यांच्या बातम्या दरवर्षी येतात. पण त्या बातम्या बहुतेक पाण्यात उतरणाऱ्यांच्या असतात, काठाने चालणाऱ्यांच्या नव्हेत. म्हणून मागणी फरसबंदीची, दिव्यांच्या माळांची किंवा सेल्फी पॉइंटची नाहीच. गावालगतचे दोन-दोन किलोमीटर निवडावेत. त्यावर मुरूम टाकावा, मोटारसायकल शिरणार नाही असे आडवे खांब रोवावेत, वळणांवर आणि मोऱ्यांपाशी कठडा घालावा, ठरावीक अंतरावर दोर आणि हवा भरलेली ट्यूब टांगावी, पाणी सोडण्याच्या वेळा फळ्यावर लिहाव्यात. सावलीला करंज आणि जांभूळ पुरतात, फक्त झाडे भरावाच्या पायथ्यापासून दूर लावावीत, नाहीतर मुळेच कालवा फोडतील.

पावसाळ्यात ही वाट बंदच ठेवावी. चिखलात निसरडे होते, आणि पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून लेप्टोची बाधा होऊ शकते. भातकापणी झाली, दव पडू लागले की चालायला सुरुवात करावी. पायात बंद बूट, संध्याकाळ झाली तर हातात विजेरी, कारण घोणस आणि मण्यार यांनाही हे बांध आवडतात. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने खिशात खडीसाखर ठेवावी. मार्च उजाडला की उन्हाच्या आत, साडेसातपर्यंत परत. त्या वेळी कालव्याला आवर्तन सुटलेले असते आणि खालच्या वावरात भेंडीची तोडणी चालू असते.