सकाळचे चार ग्लास आणि दुपारची तहान

सकाळी उठल्या उठल्या, चूळही न भरता चार ग्लास पाणी प्या... पोट साफ, कांती तेजस्वी, मधुमेह गायब! असं सांगणारे एक काका प्रत्येक घरात असतातच. आमच्याकडे तर तीन आहेत. (तिघंही हे वाचतात, म्हणून आधीच नमस्कार!)

मंडळी, सकाळी पाणी जरूर प्या. ग्लासभर पाण्याने बरं वाटतं, हे मान्य. माझं भांडण आहे ते त्याला औषध ठरवण्याशी. आपली मूत्रपिंडं रोज सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, त्यातलं लिटर-दोन लिटरच बाहेर टाकतात. हे काम चोवीस तास चालतं, त्याला पहाटेचा मुहूर्त लागत नाही. शिवाय हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना डॉक्टर पाणी मोजून प्यायला सांगतात. त्यांना चार ग्लासांचा आग्रह करणं धोक्याचं आहे.

पाण्याची खरी गरज बघायची असेल तर मे महिन्यात आमच्या सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत या. पारा चाळिशीच्या वर, डोक्यावर पत्रा, कानात यंत्रमागांचा खडखडाट. अशा उष्णतेत राबणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी कपभर पाणी प्यावं, असं तज्ज्ञ सांगतात. पहाटे ढोसलेलं पाणी दुपारी दोनच्या घामाला पुरत नाही.

आमच्या शेजारच्या अक्का तिथे टॉवेलच्या शिलाईला जातात. त्या सकाळपासून मुद्दाम पाणी टाळतात. का, विचारलं तर म्हणाल्या, "पाणी पिऊन जायचं कुठं ओ ताई?" कारखान्यात बायकांसाठी धड संडास नाही. उन्हाळ्यात लघवीची जळजळ ठरलेली. त्यांना काय सकाळच्या पाण्याचे फायदे सांगायचे?

त्यात ज्या शहराने उजनीच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं चार-चार, पाच-पाच दिवस नळाची वाट बघितली, तिथे घागरीतला प्रत्येक ग्लास हिशेबाचा.

1948 च्या कारखाने कायद्याने पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी वेगळे संडास देणं मालकाला बंधनकारक केलं. उन्हाळ्यात थंड पाण्याची सक्ती मात्र अडीचशेपेक्षा जास्त कामगार असतील तिथेच! जणू ऊन हजेरीपट बघूनच पडतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली आहे. पण कागद बदलल्याने माठ भरत नाही आणि संडासाला दारही बसत नाही.

पाणी पिणं ही चांगली सवय आहेच. पण सवय लागायला आधी सोय लागते. म्हणून काका, पुढचा उपदेश करण्याआधी एक करा. आपल्या घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशी दिवसभरात पाणी कुठे पितात आणि संडासला कुठे जातात, ते विचारा. आपल्या ओळखीत कोणी कारखानदार असेल तर त्यालाही विचारा. उत्तर काय मिळालं, ते मला जरूर कळवा.