टिकून राहण्याचे कथानक

ऐतिहासिक महाव्यूहाच्या संगणकीय खेळांविषयी अलीकडे एक भूमिका मोठ्या उत्साहाने मांडली जाते. लिखित इतिहास हा विजेत्यांचा असतो. हे खेळ मात्र छोट्यांना आणि पराभूतांना त्यांचा इतिहास परत देतात, असे ती म्हणते. खेळाडू एखादे चिमुकले राज्य निवडतो, पहिली कठीण वर्षे कशीबशी निभावतो आणि इतिहासाने नाकारलेली शक्यता साकार करतो. वाचकाला सहलेखक करणारी जी संहिता बार्थने 'एस/झेड'मध्ये (1970) कल्पिली ती हीच, असेही या भूमिकेच्या पुष्ट्यर्थ सांगितले जाते. भूमिका आकर्षक आहे. परंतु छोटेपणाविषयी या खेळांच्या नियमांत दडलेला एक पूर्वग्रह तिने न तपासताच स्वीकारला आहे.

स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स या संस्थेने 2013 मध्ये प्रसिद्ध केलेला 'युरोपा युनिव्हर्सालिस'चा चौथा भाग उदाहरणादाखल घ्यावा. त्याचा आरंभ 11 नोव्हेंबर 1444 रोजी होतो, म्हणजे वार्नाच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी. पोलंड-हंगेरीचा तरुण राजा व्लादिस्लाव रणात पडला आहे आणि त्याच्याबरोबर कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाइन दरबाराची बाहेरून मदत मिळण्याची मोठी आशाही मावळली आहे. या राज्याच्या बचावाचा मार्ग जाणत्या खेळाडूंमध्ये जवळजवळ ठरून गेला आहे. ऑटोमनांच्या वैऱ्यांशी तह करावेत, ऐपतीबाहेर कर्ज काढून भाडोत्री फौज उभी करावी, सुलतानाची मुख्य सेना आशियात असताना युद्ध पुकारावे आणि सामुद्रधुनीत गलबते उभी करून तिला युरोपात उतरू देऊ नये. सामुद्रधुनी अडवण्याचा प्रयत्न ख्रिस्ती आरमाराने 1444 मध्ये प्रत्यक्षातही केला होता. तो फसला आणि दुसरा मुराद सेनेसह पलीकडे उतरला, म्हणूनच वार्नाचा निकाल तसा लागला. तेव्हा 29 मे 1453 चा कॉन्स्टँटिनोपलचा पाडाव अटळ नव्हता, एवढे हा खेळ पटवून देतो हे मान्य करायला हरकत नाही.

प्रश्न उद्भवतो तो त्यानंतर. वाचलेले राज्य पुढे काय करते? बाल्कन घेते, मग अनातोलिया, मग इटली. तगणे हा येथे केवळ पहिला अंक असतो. याचे कारण खेळाडूच्या हावेत शोधू नये. ते नियमांत आहे. प्रांताचे मोल करउत्पन्न, उत्पादन आणि मनुष्यबळ या तीन आकड्यांत मोजले जाते. या आकड्यांच्या बेरजेत अग्रेसर असलेली आठ राज्ये 'महासत्ता' ठरतात. आक्रमणाला किंमत मोजावी लागते हे खरे. भेदरलेले शेजारी एकत्र येऊन संघ उभारतात. परंतु ही किंमत विस्ताराचा वेग आवरते, त्याची दिशा बदलत नाही.

हेडन व्हाइटने 'मेटाहिस्टरी'त (1973) इतिहासलेखनातील कथानकीकरणाच्या चार रीती सांगितल्या: अद्भुतरम्य, शोकात्म, सुखात्म आणि उपरोधात्म. या खेळाला त्यांपैकी पहिलीच साधते. शेवटचा प्रांत गेला की खेळाडूचा खेळ संपतो. शोकाला आवश्यक असलेला अवकाशही त्याला मिळत नाही. मात्र सर्वांत मोठी हानी होते ती सुखात्म रीतीची. विरोधी शक्तींमध्ये तडजोड होऊन जग काही काळ तरी राहण्याजोगे होणे, हा तिचा गाभा आहे. आणि छोट्या राज्यांचा इतिहास बहुतांशी याच रीतीचा असतो.

एड्रियाटिक किनाऱ्यावरील रागुसा, म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक, याची साक्ष देते. खेळात ते एका प्रांताचे राज्य आहे. प्रत्यक्षात या प्रजासत्ताकाने 1358 पासून हंगेरीच्या राजाचे अधिराज्य मानले, पुढे ऑटोमनांशी जुळवून घेतले आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून सुलतानाला वर्षाला 12,500 डुकाट खंडणी भरली. मोबदल्यात त्याने व्यापाराच्या सवलती मिळवल्या. आपला प्रमुख त्याने एकेका महिन्यासाठीच निवडला, कारण घरातला बलाढ्य माणूसही त्याला परवडणारा नव्हता. 1667 च्या भूकंपातून ते सावरले आणि 1808 मध्ये फ्रेंचांनी बरखास्त करेपर्यंत टिकले. कॉन्स्टँटिनोपलनंतर साडेतीनशे वर्षे!

या तगण्यातून साहित्यही निपजले. रागुसाचा कवी इव्हान गुंडुलिच याने 1628 मध्ये 'दुब्राव्का' या गोपनाट्यात स्वातंत्र्याचे स्तवन केले. 'ओस्मान' या महाकाव्यात त्याने सुलतानाविरुद्धच्या पोलिश पराक्रमाचा गौरव केला, आणि तोही त्याचे नगर त्याच सुलतानशाहीला खंडणी भरत असताना. हे काव्य छापले गेले 1826 मध्ये, प्रजासत्ताक संपल्यानंतर. खंडणी एका हाताने आणि महाकाव्य दुसऱ्या हाताने, हा दुहेरी स्वर म्हणजे छोट्यांच्या वाङ्मयाची खूण होय. खेळाच्या कोष्टकात तो कोणत्या आकड्यात बसवायचा?

यावर आक्षेप घेतला जाईल की, खेळाडूने छोटेच राहायचे ठरवले तर त्याला कोण अडवते? कोणीच नाही. परंतु एखादे वाक्य व्याकरणात संभवणे वेगळे आणि त्या भाषेत त्याला अर्थ असणे वेगळे. न वाढणाऱ्या राज्याच्या वाट्याला नियमांनी मोजण्याजोगे फारसे काही येत नाही. 2017 च्या विस्तारात 'करद राज्य' ही कोटी आली, हेही पुढे केले जाईल. मग र्युक्यूचे काय होते ते पाहावे. या बेटांच्या राज्याने 1609 च्या सात्सुमाच्या स्वारीनंतर चीन आणि जपान या दोघांनाही सांभाळून 1879 पर्यंत आपले अस्तित्व राखले. खेळाने र्युक्यूसाठी ठेवलेला सर्वांत गाजलेला बहुमान मात्र मिळतो तो अवघे जग जिंकणाऱ्याला. करद राज्याचा सन्मान त्याने करद राहणे सोडल्यावरच करायचा, असा हा न्याय आहे.

तेव्हा हे खेळ छोट्यांचा इतिहास परत देतात, हे म्हणणे टिकणारे नाही. ते छोट्यांना मोठ्यांचा इतिहास उसना देतात. खेळाला याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. त्याने समीक्षा असल्याचा दावा कधी केलेला नाही. दोष जातो तो समीक्षेकडे. जागतिक बाजारात छोट्या ठरलेल्या भाषेत लिहिणाऱ्या समीक्षकाने तरी हा न्याय ओळखायला हवा होता. कारण अनुवादित होऊन दूरवर पोहोचेपर्यंत साहित्यकृतीचे मोल थकीत ठेवणारी दृष्टी याच मापाने मोजत असते. 'ओस्मान' छापले जाण्यापूर्वी जवळजवळ दोनशे वर्षे ते हस्तलिखितांतून वाचले जात होते. त्या वाचकांना ते काव्य मोठे होण्याची वाट पाहावी लागली नव्हती.