सहल कुणाची?

गेल्या डिसेंबरात एका रविवारी आम्ही बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात गेलो. मी, नवरा, सात वर्षांची लेक, अडीच वर्षांचा धाकटा आणि सासूबाई. विक्रोळीहून घाटकोपर, मेट्रोने अंधेरी, मग बोरिवलीची लोकल. मी साडेचारला उठले. पुऱ्या, बटाट्याची भाजी, धाकट्याचा मऊ भात, सासूबाईंच्या गोळ्या, कपड्यांचे दोन जोड, पाण्याच्या बाटल्या. नवरा सातला उठला आणि म्हणाला, "अजून तयार नाही झालीस?"

कान्हेरीच्या पायऱ्यांपाशी धाकटा झोपला, सासूबाईंचे गुडघे बोलू लागले. नवरा लेकीला घेऊन वर गेला. मी खाली सावलीत, मांडीवर मूल, भोवती पिशव्या. शेजारी जंगलातल्या पाड्यावरची एक बाई काकड्या विकत होती, तिचंही पोर मांडीवर. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. तिच्या कामाचे निदान पैसे होत होते!

लेक धावत खाली आली. केवढा मोठा बुद्ध, दगडात खोदलेली पाण्याची टाकी! तिथे शंभरावर लेणी आहेत. मी एकही पाहिलं नाही. त्यांच्या शिलालेखांत दान देणाऱ्या भिक्षुणींची आणि संसारी बायकांची नावं कोरलेली आहेत, हे घरी येऊन वाचलं.

२०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यातली दिवसाची सरासरी २८९ मिनिटं आहे, पुरुषांची ८८. हे आकडे मी शिबिरांत फळ्यावर लिहिते. पण तो रविवार मी कुठल्या रकान्यात लिहू? घरचे सगळे त्याला सुट्टी म्हणतात.

आमच्या वस्तीतल्या गटात हे सांगितलं. एक म्हणाली, "ताई, सहल म्हणजे चूल डोक्यावर घेऊन फिरायचं." सगळ्या हसल्या. कोपऱ्यातली एक मात्र म्हणाली, "पण त्या निमित्ताने मला बाहेर तरी पडायला मिळतं. नाहीतर कोण सोडतंय?" यावर मला चटकन उत्तर सुचलं नाही. तिची ती एकुलती एक वाट आपण भाषणबाजीत बंद करायची का? नाही. पण त्या वाटेवर ती कायम हमालीण का, हे विचारायलाच हवं. पाणी-रेशनचे प्रश्न असताना हा चोचला वाटेल कुणाला. मला वाटत नाही. विसावा मागताना बाईला अजूनही लाज वाटते.

आणि माझंही चुकलंच. "आता तू खाली बस, मी वर जाऊन येते," एवढं वाक्य मला बोलता आलं नाही. नवरा कदाचित बसलाही असता. त्याला सुचलं नाही, मी सुचवलं नाही. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत हे कुणी शिकवत नाही.

येत्या महिन्यात गटातल्या बारा जणी कान्हेरीला जाणार आहोत. तिघींच्या नवऱ्यांनी मुलं सांभाळायचं कबूल केलंय. एका सासूबाईंनी विचारलं, "बायकांनी एकट्यांनी रानात कशाला जायचं?" त्यांनाही चला म्हटलंय. नियम एकच ठरलाय: घरून डबा कुणीही आणायचा नाही. काकड्या तिथेच घेऊ.