स्टे आला, म्हणून केस सोडू नका

आंबेनळी घाटाखालच्या गावांतून महाडच्या एमआयडीसीत कामाला जाणारी मुले मला सांगतात, 'लेबर कोर्टात जिंकलो, पण कंपनीने स्टे आणला.' मग केस सोडून मुंबईची वाट धरतात.

हायकोर्टात जाण्याचा कंपनीचा हक्क मी नाकारत नाही. पण औद्योगिक विवाद कायद्यात १९८४ पासून कलम १७-बी लागू झाले: कामावर परत घेण्याच्या निवाड्याला मालकाने हायकोर्टात किंवा सुप्रीम कोर्टात आव्हान दिले, तर प्रकरण संपेपर्यंत कामगाराला त्याचा शेवटचा पूर्ण पगार द्यायचा. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद आहे. त्यासाठी दुसरीकडे नोकरी नाही, असे प्रतिज्ञापत्र कामगाराने द्यावे लागते. ते खरे असेल तरच द्या.

उणीव आहेच. सुप्रीम कोर्टाच्या १९९७ च्या देना बँक निकालाप्रमाणे हा पगार म्हणजे कामावरून काढले तेव्हाचाच आकडा. दहा वर्षांपूर्वीच्या पगारात आजचा किराणा भरत नाही. म्हणून लवकर सुनावणीचा अर्जही वकिलांकडे आग्रहाने मागा.

घाम सुकण्याआधी मजुरी द्या, हे आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर बसून हे प्रतिज्ञापत्रही समजावून सांगता येईल.