सिस्टर, तुम्ही नवीन का?

गेल्या महिन्यात मामीला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात पाच दिवस ठेवलं होतं. त्यातल्या दोन रात्री सोबतीला मी. झोप येत नव्हती, म्हणून वॉर्डातले पेशंट मोजले (मोजत बसणं हा आमचा धंदाच). खाटांवर चाळीस, खाली गाद्यांवर सहा. सिस्टर दोन.

पहिल्या रात्रीची सिस्टर दुसऱ्या रात्री नव्हती. मामीने नव्या सिस्टरला विचारलं, "सिस्टर, तुम्ही नवीन का?" ती हसून म्हणाली, "तीन आठवडे झाले मावशी." मग तिने इंजेक्शन भरायला घेतलं, आणि मामीनेच सांगितलं की मला या औषधाची रिअ‍ॅक्शन येते, कालच्या सिस्टरना माहीत आहे. केसपेपरवर ते लिहिलेलं होतं, पण मागच्या पानावर. सिस्टरने पान उलटलं, डॉक्टरांना फोन केला, औषध बदललं. काही झालं नाही. मामीला सगळं सांगायची सवय आहे म्हणून काही झालं नाही. शेजारच्या खाटेवरच्या आजी शुद्धीवर नव्हत्या.

पहाटे चारच्या सुमाराला जरा शांत झाल्यावर सिस्टरशी बोलणं झालं. जीएनएम झालेली, आधी एका खाजगी हॉस्पिटलात दोन वर्षं. इथे एजन्सीमार्फत, अकरा महिन्यांची ऑर्डर. सरळसेवा भरतीची परीक्षा निघेल म्हणून वाट बघतेय. मी विचारलं, सरकार एजन्सीला तुमचे किती देतं? ती म्हणाली, "ते आम्हाला कुठे सांगतात?"

हे वाक्य ऐकून मला एकदम आमचं हापिस आठवलं. मंडळी, आपण सगळे बिलिंग रेटवर जगणारे लोक. ऑनसाइट असताना एकदा चुकून मला माझंच इनव्हॉइस फॉरवर्ड झालं होतं. क्लायंट माझ्या एका तासाचे जे मोजत होता आणि माझ्या हातात जे पडत होतं, त्यातलं अंतर बघून त्या दिवशी जेवण गेलं नाही. :-) तरी आमचं ठीक आहे. माझ्या जागी दुसरा आला तर महिनाभर केटी होते, डॉक्युमेंट असतं, आणि काही बिघडलंच तर रोलबॅक करता येतो. सिस्टरला वॉर्ड हातात घ्यायला ड्युटी बदलतानाची पंधरा-वीस मिनिटं मिळतात. शेहेचाळीस पेशंट. करा भागाकार.

माझं ऑनसाइट इंग्लंडात होतं, म्हणून तिथली गोष्ट आधी सांगतो. तिथे हाच प्रकार अगदी उलट्या दिशेने चालला होता. स्टॅफर्डच्या रुग्णालयात रुग्णांची भयंकर हेळसांड झाली होती, त्यावरचा फ्रान्सिस अहवाल फेब्रुवारी 2013 मध्ये आला आणि सगळ्या रुग्णालयांना कळलं की नर्सेस कमी ठेवणं अंगाशी येतं. सगळे एकदम नर्सेस शोधायला निघाले. पण त्याआधीच्या काही वर्षांत पैसे वाचवायला नर्सिंग शिक्षणाच्या जागाच कमी केलेल्या होत्या! मग उरल्या एजन्सीज. 2014-15 या एका वर्षात इंग्लंडच्या एनएचएसने एजन्सीच्या कर्मचाऱ्यांवर (नर्स, डॉक्टर सगळे धरून) सुमारे 3.3 अब्ज पौंड घालवले. नोव्हेंबर 2015 पासून तासाच्या दरावर मर्यादा आली. एप्रिल 2016 पासून ती अशी की कायम कर्मचाऱ्याच्या मूळ दरापेक्षा फार तर 55 टक्के जास्त. रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असेल तर मात्र मर्यादा ओलांडायची मुभा. रात्री दोन वाजता वॉर्डात माणूसच नसेल तर जिवाचा प्रश्न असतोच, नाही का?

खर्च उतरला खरा, 2017-18 पर्यंत 2.4 अब्जांवर आला. पण त्याच 2017 साली नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना मिळणारी बर्सरी बंद केली होती. पुढे कोविड आला, आणि 2022-23 मध्ये आकडा पुन्हा साडेतीन अब्जांच्या आसपास. अलीकडे तो परत खाली आणलाय, 2024-25 मध्ये जवळजवळ एक अब्ज पौंड कमी. चांगलं आहे. मला त्यातला फक्त पॅटर्न दिसतो. शिक्षणाच्या आणि पगाराच्या रकान्यात कात्री लावायची आणि तेवढेच, किंवा त्याहून जास्त, दुसऱ्या रकान्यातून भरायचे.

आता आपल्याकडे. तिथे एजन्सीची नर्स महाग, इथे ती स्वस्त. महाराष्ट्रात सरकारी अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी 35,400 रुपयांपासून सुरू होते, वर महागाई भत्ता, घरभाडं वगैरे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिरातींत कंत्राटी स्टाफ नर्सला 20,000 रुपये दिसतात, आणि तिथे तर मध्ये एजन्सीही नसते. त्याला शब्दही वेगळा आहे बघा, वेतन नाही, मानधन. जणू काही बाई व्याख्यानमालेत भाषण देऊन गेल्या!

फरक कशाने पडतो? तिथे नर्स कमी आणि जागा जास्त, म्हणून एजन्सी नर्सच्या बाजूने भाव वाढवते. इथे पास झालेल्या मुली पुष्कळ, पदं रिक्त असली तरी भरती निघत नाही, म्हणून तीच एजन्सी भाव पाडते. दोन्हीकडे रिकामं पद तसंच राहतं आणि एजन्सीचं कमिशनही.

मे 2022 मध्ये बाह्यस्रोतातून परिचारिका भरायच्या सरकारच्या निर्णयाविरुद्ध राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या होत्या. तेव्हा आमच्या हापिसातल्या कॅन्टीनमध्ये जे बोललं गेलं ते मला चांगलं आठवतंय, कारण त्यात मीही होतो. "यांना परमनंट नोकरी हवी, काम नको." सप्टेंबर 2023 मध्ये सरकारने नऊ एजन्सींमार्फत सगळ्या खात्यांत कंत्राटी माणसं घ्यायचा जीआर काढला. त्यावर इतका गदारोळ झाला की ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. तेव्हा मात्र कॅन्टीन गप्प होतं, कारण दोघांचे धाकटे भाऊ स्पर्धा परीक्षेला बसलेले. असो.

कॅन्टीनमधलं ते वाक्य मी आता मागे घेतो. परमनंट नोकरीत कामचुकारपणा होतो हे खोटं नाही, तुम्ही-मी सगळ्यांनी तो खिडकीपलीकडे पाहिलाय. पण कंत्राटाने काय होतं तेही बघा. जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. चौकशी झाली, कारवाई झाली. जे कायम होते त्यांचं निलंबन किंवा बदली झाली, आणि ज्या परिचारिका कंत्राटी होत्या त्यांची सेवा समाप्त झाली. चूक कोणाची किती हे ठरवणारा मी कोण. पण निलंबित माणसाला पुढे चौकशी असते, बाजू मांडता येते, निर्वाह भत्ता असतो. सेवा समाप्त झाली की विषय संपला. अशा ऑर्डरवर असलेली बाई "या वॉर्डातलं वायरिंग धोक्याचं आहे" असं लेखी देईल का? मी प्रोबेशनवर असताना मॅनेजरच्या कोडमधला बग दाखवला नव्हता, आणि माझ्या बगने कोणी मरणार नव्हतं.

एजन्सी मुळातच नको असं मी म्हणत नाहीये. बाळंतपणाची रजा, साथ, अचानक राजीनामे हे होणारच. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो की शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाचांमागे एक नर्स हवी, आणि वर रजांसाठी 30 टक्के जास्तीच्या. म्हणजे रजांची गरज आधीपासून मोजलेली आहे! इंग्लंडात बऱ्याच रुग्णालयांची स्वतःची 'बँक' असते, ओळखीच्या नर्सेसची यादी. कोणी निवृत्त, कोणी मुलं लहान म्हणून अर्धवेळ. जास्तीची ड्युटी हवी ती घेते. वॉर्ड तिला माहीत, औषधाचं कपाट कुठे ते माहीत, मधला दलाल नाही. आपल्याकडे निवृत्त सिस्टर प्रत्येक गावात चार सापडतील. अशी यादी करायला काय लागतं? एक्सेल पुरेल, सॉफ्टवेअर लागलं तर शनिवार-रविवार मी बसतो.

त्याआधी मला दोन आकडे हवे आहेत. त्या रुग्णालयाने गेल्या वर्षी एजन्सीला एका नर्समागे दरमहा किती दिले, आणि त्यातले नर्सच्या खात्यात किती जमा झाले. स्वस्त पडतं, स्वस्त पडतं म्हणतात ना, मग बिल दाखवा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून तयार आहे, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलंय. तिसरा प्रश्नही घातलाय, वर्षभरात त्या एका वॉर्डात किती वेगवेगळ्या सिस्टरनी ड्युटी केली.

सोमवारी पोस्टात टाकतो. कायद्याप्रमाणे तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं की इथे लिहीन, आणि नाही आलं तरी लिहीन.