‘कर्जत’चे ‘कजर्त’ होते तेव्हा

कर्जत तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी माझ्यापुढे दोनशे पानांची चळत ठेवली आणि पहिल्याच ओळीवर बोट टेकवले. तेथे छापले होते ‘कजर्त’. त्याच पानावर खाली ‘इशार्ळवाडी’. ‘‘चाळीस वर्षे पोरांना रफार शिकवला,’’ ते म्हणाले, ‘‘आणि माझ्याच पुस्तकात हे!’’

१९९६ च्या सुमारास गुरुजींनी कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या ठाकरवाड्या, कातकरवाड्या पायी हिंडून टिपणे केली होती. कोणती वाडी कोठून येऊन वसली, झरा कोठे आहे, पावसाळ्यात वाट कोठून जाते. डीटीपीच्या दुकानात मजकूर टंकून घेतला, पण प्रकाशक मिळाला नाही आणि हजार प्रती छापण्याइतके पैसे नव्हते. फाइल पडून राहिली. पुढे १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. गुरुजींच्या टिपणांत त्या वाडीवर चार पाने होती.

आता मागणीनुसार छपाईची सोय आहे. ऑफसेटमध्ये प्लेट करून यंत्र लावण्याचाच खर्च मोठा, म्हणून प्रती जास्त काढाव्या लागतात. मग लेखकाच्या पलंगाखाली गठ्ठे साठतात. नव्या पद्धतीत मागणी येईल तशी एकेक प्रत निघते. दर प्रतीला खर्च थोडा जास्त, पण ज्या पुस्तकाला दोनशेच वाचक आहेत, त्याला दुसरा रस्ता नाही.

मात्र हस्तलिखित आणि पुस्तक यांच्यामध्ये पूर्वी माणसे असत. जुळारी असे, मुद्रितशोधक असे. ‘‘अहो, हे कर्जत ना?’’ असे विचारणारा कोणीतरी भेटे. आता यंत्र पीडीएफ जशी येईल तशी छापते. पानाचा आकार, बांधणीकडचा समास, छायाचित्रांची स्पष्टता, फाँट फाइलमध्ये अंतर्भूत आहेत की नाही, एवढे तपासले जाते. ‘कजर्त’ या तपासणीतून सुखरूप पार पडते.

दोष कोणा एकाचा नाही. नव्वदच्या दशकात श्रीलिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम अशी जो तो आपापली रचना घेऊन आला, आणि त्या साधनांनीच मराठी संगणकावर आणली हे विसरता येणार नाही. रफार डोक्यावर दिसतो, म्हणून जुन्या फाँटमध्ये तो अक्षरानंतर नोंदला जाई. युनिकोडला उच्चाराचा क्रम हवा, म्हणजे आधी अर्धा ‘र’, मग ‘ज’. रूपांतर कच्चे झाले की रफार एक घर पुढे सरकतो. पहिल्या वेलांटीचे उलटे. ती जुन्या फाइलीत अक्षराच्या आधी असते आणि रूपांतरात रिकाम्या ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबकळते. सरसकट बदल करायला जावे, तर बरोबर शब्दही बिघडतात.

शेवटी आम्ही जुनाच मार्ग धरला. गुरुजी १९९६ ची कागदी प्रत मोठ्याने वाचत, मी पडद्यावर पाहत असे. अकरा संध्याकाळी लागल्या. त्या मानाने पुढचे काम सोपे. कागद ठरल्यावरच कण्याची जाडी कळते, आणि मुखपृष्ठ, कणा, मलपृष्ठ मिळून एकच अखंड चित्र द्यावे लागते, एवढे ध्यानात ठेवले की झाले. आयएसबीएन क्रमांक आपल्याकडे सरकार विनामूल्य देते. शिवाय १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. हौशी लेखक हे हटकून विसरतात.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आनंदच आहे. आता जुन्या पोथ्यांची काळजी वाहिली जाईल. पण तीस वर्षांपूर्वीच्या फाइली पोथ्यांपेक्षाही लवकर मरत आहेत. शाळांच्या स्मरणिका, गावांचे इतिहास, बोलींचे शब्दसंग्रह अशा फ्लॉप्यांत आणि सीड्यांत अडकलेले कोणत्या तालुक्यात नसतील? संगणक जाणणारा एक आणि वाचणारा एक, अशी जोडी तालुक्याच्या वाचनालयाला बसवता येईल. अनुदानाच्या चर्चेत हा खर्च कोणी मांडल्याचे माझ्या तरी कानावर नाही.

नमुना प्रत आली तेव्हा गुरुजींनी चष्मा पुसून पहिले पान पाहिले. ‘कर्जत’ ठीक होते. इर्शाळवाडीची चारही पाने ठीक होती. मग एका छायाचित्रापाशी ते थांबले. ओळ चित्रातच स्कॅन होऊन आली होती, म्हणून आमच्या वाचनातून सुटली. तेथे ‘इशार्ळगड’ होते. त्यांनी पेन्सिल मागितली.